उंबरठा, न्हाणी आणि म्हातारपण

माणूस कारखान्यातून किंवा खाणीतून निवृत्त झाला, की तो धोक्यातून सुटला, अशी आपणां सर्वांची समजूत असते. निरोपाच्या समारंभात हार घालताना आम्हीही हेच बोलत आलो : "पुष्कळ कष्ट केले, आता घरी आराम करा." घर म्हणजे निर्धोक जागा, हे आपण इतके गृहीत धरतो, की ज्या डोळ्यांनी आम्ही आयुष्यभर खाणीतल्या वाटा आणि कारखान्यातले जिने तपासले, त्या डोळ्यांनी एकदा कामगाराचे घरही पाहावे, हे आमच्या मनात फार उशिरा आले.

आम्ही चळवळीत पडलो तेव्हा कायद्याची जी पुस्तके वाचून वाचून फाडली, त्यांत १९४८ चा कारखाना कायदा पहिला. त्याच्या ३२ व्या कलमाचा आशय आम्हांला अजून पाठ आहे. कारखान्यातल्या जमिनी, पायऱ्या, जिने आणि ये-जा करण्याच्या वाटा भक्कम बांधणीच्या असाव्यात. त्यांवर अडथळा नसावा. पाय घसरेल असे काही सांडलेले नसावे. आणि जरूर तेथे धरायला मजबूत कठडा असावा. ह्या एका कलमावर आम्ही किती अर्ज लिहिले त्याची गणती नाही. कोणी जिन्यावरून पडला, की साहेबांचे उत्तर ठरलेले असे : "माणूस बेसावध होता." आमचेही उत्तर ठरलेले असे : "माणूस त्याच वाटेने रोज जातो. तीनशे दिवस तो सावध राहील, एक दिवस राहणार नाही. वाट सुधारा."

आणि तेच आम्ही, एखादा सेवानिवृत्त सोबती घरच्या न्हाणीत पडून खुब्याचे हाड मोडून बसला, की त्याला भेटायला जातो, खाटेशेजारी बसतो आणि म्हणतो, "काका, जरा जपून चालायचे ना!" हे साहेबांचेच वाक्य झाले. ते आपल्या तोंडून निघाले हे ज्या दिवशी ध्यानात आले, त्या दिवसापासून आम्ही ह्या विषयाचा विचार करू लागलो.

एक हकीगत सांगतो. नाव सांगण्याचे कारण नाही. अशी माणसे बल्लारपूरपासून माजरीपर्यंत प्रत्येक वस्तीत आहेत. हा सोबती भूमिगत खाणीत होता. टोपीवरच्या दिव्याच्या उजेडात तेहतीस वर्षे चालला. वर छत, खाली चिखल, बाजूने धावणारे टब. साठाव्या वर्षी निवृत्त झाला, क्वार्टर सोडले, आणि हाती आलेल्या ग्रॅच्युइटीतून पूर्वी घेतलेल्या जागेवर तीन खोल्या बांधल्या. मुलाच्या हौसेने सगळ्या घरात चकचकीत फरशी बसवली, न्हाणीतसुद्धा. तोंड पाहून घ्यावे अशी ती फरशी! वास्तूच्या जेवणाला आम्हीही गेलो होतो आणि फरशीची तारीफ करून आलो होतो. पुढे तीन वर्षांनी, मे महिन्यात, रात्री तीनच्या सुमारास तो लघवीला उठला. कूलरच्या टाकीतून पाणी झिरपून मधल्या खोलीत पसरले होते. बिल वाचावे म्हणून दिवा लावण्याची सवय नव्हती. ज्याने तेहतीस वर्षे दिव्यावाचून पाऊल टाकले नाही, तो आपल्या घरात अंधारात चालला आणि पडला.

हाड जुळले, चालणे परत आले नाही. पत्नी आधीच गेलेली होती. मुलाने पुण्याला नेले. तेथे लिफ्ट होती, सून चांगली होती, औषधपाणी वेळच्या वेळी होते. तरी फोनवर तो आम्हांला विचारी, युनियनच्या ऑफिसात आता चहा कोण आणतो, सकाळी पेपर पहिल्याने कोण वाचतो. ज्या फरशीवर तो पडला ती त्याच्याच घामाच्या पैशाची होती. त्याऐवजी खडबडीत फरशी घेतली असती तर ती महाग पडली नसती. एक दांडा आणि एक छोटा दिवा, एवढ्यावाचून हा माणूस आपल्या गावाला मुकला.

आता हा विषय आमच्या जिल्ह्यांत आजच का निकडीचा झाला, ते पाहू. खाणींचे राष्ट्रीयीकरण १९७३ साली झाले आणि १९७५ साली वेस्टर्न कोलफील्ड्स निघाली. १९८० च्या दशकात चंद्रपूरचे महाऔष्णिक वीज केंद्र उभे राहिले. सिमेंटचे कारखाने त्याच सुमारास वाढले. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली वेगळा जिल्हा झाला आणि तेथे नव्या कचेऱ्यांतून नोकरभरती झाली. त्या दशकात विशी-पंचविशीत कामाला लागलेली सारी पिढी आता एकदम घरी बसली आहे. भरती लाटेने झाली, म्हणून म्हातारपणही लाटेने आले. तिकडे मुले नागपूर, पुणे, हैदराबाद धरून आहेत. २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढची माणसे सुमारे १० कोटी ४० लक्ष होती; आता ती पुष्कळ वाढली आहेत. आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे जगात दरवर्षी पडण्यामुळे सुमारे ६ लक्ष ८४ हजार माणसे मरतात, त्यांत सर्वांत मोठा वाटा साठीपुढच्यांचा.

क्वार्टरची गोष्ट निराळी लक्षात घेतली पाहिजे. नोकरीतली वीस-तीस वर्षे माणूस क्वार्टरमध्ये राहतो. दाराची खिट्टी, नळाची तोटी, जिन्याच्या पायऱ्या ह्या सगळ्यांची ओळख हातापायांना झालेली असते. निवृत्तीबरोबर ती ओळख तुटते आणि साठाव्या वर्षी तो नव्या घरात शिरतो. म्हणजे शरीर जेव्हा नवे शिकायला कुरकुरते तेव्हाच त्याला नवी वाट पाठ करावी लागते. तेव्हा घराचा विचार करायचा तो निवृत्तीच्या आधी दोन वर्षे, पैसे हाती येण्यापूर्वी. एकदा गवंडी उठून गेला, की प्रत्येक फेरफार दुप्पट महाग पडतो.

फेरफार कोठून सुरू करावा? आमचे उत्तर असे, की खाटेपासून संडासापर्यंतची वाट आधी पाहावी, आणि तीही रात्री पाहावी. दिवाणखाना, देव्हारा, दर्शनी ओटा ह्यांची काळजी घर बांधणारा आपण होऊन घेतो. रात्रीच्या ह्या वीस-पंचवीस पावलांची कोणी घेत नाही. रक्तदाबाच्या औषधांनी काहींना रात्री पुनःपुन्हा उठावे लागते. एकदम उठल्याने डोळ्यांपुढे अंधारी येते. आणि त्याच वेळी घरातले सगळे झोपलेले असतात.

पहिली वस्तू खाट. आमच्याकडची बाज बसकी आणि मध्ये झोळ पडलेली असते. तिच्यातून उठताना माणूस गुडघ्यांवर भार देऊन पुढे झेपावतो. बसल्यावर पावले सपाट जमिनीला टेकतील आणि गुडघा काटकोनात राहील इतकी, म्हणजे साधारण अठरा ते वीस इंच, उंची चांगली. बाजेच्या पायांखाली खाच पाडलेले लाकडी ठोकळे द्यावेत. नुसत्या विटा देऊ नयेत, त्या सरकतात. उठून लगेच चालू नये, कडेला क्षणभर बसावे. आणि बसल्या जागी हात पोहोचेल असे दिव्याचे बटन असावे. आजकाल मिळणारे लहान दिवे रात्रभर जळले तरी वीज नाममात्र खातात. पन्नास रुपये वाचवण्यासाठी खुबा मोडून घेणे हा हिशेब कोणत्याही युनियनने मान्य करू नये.

दुसरी वस्तू कूलर. हा आमच्या चांदा-नागपूरकडचा खास धोका आहे, म्हणून त्यावर थोडे अधिक बोलतो. मे महिन्यात पारा ४५-४६ अंशांवर जातो आणि कूलरवाचून म्हातारा माणूस जगणार नाही, हे खरेच. पण मार्चमध्ये कूलर बाहेर निघतो तो खोलीच्या मधोमध किंवा दारातच बसतो. त्याची वायर जमिनीवरून जाते, पाणी भरण्याची नळी वाटेत पडलेली असते, आणि टाकी कोठेतरी झिरपत असते. कूलर खिडकीबाहेर लोखंडी घडवंचीवर बसवावा, वायर भिंतीच्या वरून न्यावी, नळी भरून झाली की गुंडाळून खुंटीला टांगावी. ही पाहणी होळीच्या सुमारास व्हावी. खाणीत पावसाळ्यापूर्वी पंप तपासतात, तसे हे आहे.

उकाड्याचा दुसरा परिणाम म्हणजे गच्चीवर झोपणे. आमच्या वस्त्यांतून गच्चीला जाणारे जिने पाहावेत : अरुंद, उंच पायरीचे, एका अंगाला उघडे. पैसे संपले म्हणून कठडा राहिला तो राहिलाच. तरण्या मुलांना त्याचे काही वाटत नाही. पण बासष्ट वर्षांचा गृहस्थ काखेत अंथरूण आणि हातात पाण्याचा तांब्या घेऊन त्या जिन्यावरून रात्री चढतो आणि पहाटे झोपेत उतरतो, हे दृश्य एखाद्या सुरक्षा निरीक्षकाने पाहिले असते तर त्याने ते काम तिथल्या तिथे बंद पाडले असते. कठडा लावावा, तो दोन्ही अंगांना. आणि कठडा लागेपर्यंत अंगणात झोपावे.

मग उंबरठा. उंबरठा काढून टाका, असे शहरातले शिकलेले लोक सहज सांगतात. आमचे मत तसे नाही. आमच्या मुलखात उंबरठ्याला काम आहे. तो पावसाचे पाणी अडवतो, विंचूसापाला थोडा तरी अटकाव करतो, आणि त्याची पूजा होते ती वेगळीच. आतल्या खोल्यांचे उंबरठे निरुपयोगी असतात, ते काढावेत. बाहेरचा ठेवावा, पण त्याच्या दोन्ही बाजूंना निम्म्या उंचीची रुंद पायरी घालावी आणि उजव्या हाताला उभा दांडा ठोकावा. पायरीच्या आणि उंबरठ्याच्या कडेला दोन बोटे रुंदीचा चुन्याचा पट्टा ओढावा. भूमिगत खाणीत मोक्याच्या जागी छताला आणि भिंतींना चुना मारतात तो शोभेसाठी नाही. थोड्या उजेडात जागा दिसावी म्हणून. मोतीबिंदू झालेल्या डोळ्याला राखाडी पायरी आणि राखाडी जमीन एकच दिसते. पट्टा ओढला, की कड दिसते. खर्च विचाराल तर दिवाळीच्या रंगातून उरलेला चुना.

चाकाच्या खुर्चीसाठी उतार करायचा तर त्याचा नियम एकास बारा असा आहे. जोते सहा इंच उंच असेल तर उतार सहा फूट लांब हवा. दोन फूट जोत्याला चोवीस फूट लागतील, आणि वस्तीतल्या घरापुढे तेवढी जागा नसते. मग लोक चार फुटांत उतार काढतात. असा उतार पायरीपेक्षा वाईट. पावसात त्यावरून चालता माणूसही घसरतो. जागा नसेल तर उताराचा हट्ट धरू नये. पायऱ्या पाच-सहा इंच उंचीच्या आणि फूटभर रुंद कराव्यात.

आता न्हाणी आणि संडास. सर्व अनर्थाचे मूळ येथे आहे, तेव्हा येथे कंजुषी करू नये. जमीन खडबडीत असावी. आधीच चकचकीत बसवली असेल तर उखडण्याची गरज नाही. वर टाके घातलेली फरशी किंवा टोचलेला सिमेंटचा थर देता येतो. पाण्याला उतार जाळीकडे सरळ हवा, नाहीतर साबणाचे पाणी पायाखालीच तुंबते. घुग्गुसकडे तर घरात कोळशाची धूळ येते आणि ती ओली झाली की जमीन तेल सांडल्यासारखी होते. बसून आंघोळ करायला भक्कम, चार पायांचे, खाली रबर असलेले स्टूल घ्यावे. प्लॅस्टिकची हलकी खुर्ची ओल्या जमिनीवर पाय फाकते आणि माणसाला घेऊन बसते, हे आम्ही एकाहून अधिक घरांत ऐकले.

दाराचीही एक गोष्ट आहे. न्हाणी-संडासाचे दार बाहेर उघडणारे असावे आणि कडी बाहेरूनही काढता यावी. आत माणूस पडला, की तो बहुधा दारालाच टेकून पडतो. दार आत उघडणारे असेल तर मदतीला आलेल्यांना ते लोटता येत नाही. लोटावे तर पडलेल्यालाच इजा. अशा वेळी दार फोडून माणूस काढलेला आम्ही पाहिला आहे. बिजागऱ्या फिरवायला सुताराला अर्धा दिवस लागतो.

संडासात उकिडवे बसणे हा आपल्या देशाचा जुना रिवाज. गुडघे धड असेपर्यंत तो उत्तम आहे. गडचिरोलीच्या 'सर्च' संस्थेने खेड्यातल्या माणसाच्या कंबरदुखी-गुडघेदुखीकडे आजार म्हणून लक्ष दिले, हे आम्ही मोठे काम समजतो. कारण आमच्या माणसांना ती दुखणी कामाचाच भाग वाटतात. धानाच्या बांधीत वाकून रोवणी करणारी बाई आणि टोपली उचलणारा लोडर ह्यांचे गुडघे साठीला सत्तरीचे झालेले असतात. असा माणूस उकिडवा बसतो तो कसाबसा. उठताना नळाला धरतो. नळ काही माणसाचे वजन तोलायला केलेला नसतो, तो तुटतो. आमच्या पाहण्यात ह्यावर दोन उपाय आहेत. खालच्या भांड्यावर ठेवायची मध्ये भोक असलेली लोखंडी खुर्ची, किंवा सरळ उंच भांडे. बसण्याची उंची सतरा ते एकोणीस इंच असावी. त्याच्या जोडीला भिंतीत दांडा हवाच.

दांडा कसा लावतात, हे नीट सांगितले पाहिजे, कारण वाईट लावलेला दांडा नसलेल्या दांड्यापेक्षा घातक. माणूस विश्वासाने त्यावर भार टाकतो. टॉवेल टांगायची दांडी हा आधार नव्हे. दांडा सव्वा ते दीड इंच जाडीचा, मुठीत मावेल असा असावा. भिंतीपासून दीड ते दोन इंच अंतर ठेवावे. त्याहून जास्त ठेवले तर घसरताना कोपरापर्यंत हात आत अडकून मोडतो. वीट नऊ इंची असेल तर खोल बोल्ट पुरतो. चार इंची भिंतीत बोल्ट आरपार न्यावा आणि पलीकडून लोखंडी पट्टी देऊन नट आवळावा. लावल्यावर मिस्त्रीला स्वतः त्याला लोंबकळायला सांगावे. जो मिस्त्री लोंबकळायला कचरतो त्याचे पैसे राखून ठेवावेत.

येथपर्यंत आम्ही विटा-सिमेंटच्या घराविषयी बोललो. गडचिरोलीकडच्या खेड्यात, धानोरा-एटापल्ली-भामरागडकडे, घर निराळे असते. कुडाच्या किंवा मातीच्या भिंती, वर कवेलू, आणि पाख्या इतक्या खाली आलेल्या की आत शिरताना कमरेत वाकावे लागते. पाख्या खाली असण्यात शहाणपण आहे. मातीची भिंत त्यामुळे पावसापासून वाचते. सगळे छप्पर उचलायला सांगणारा माणूस एका पावसाळ्यात भिंत घालवील. फक्त दारापुरती पाखी कापून वर उचलून घ्यावी. कुडाच्या भिंतीत बोल्ट धरत नाही. म्हणून तेथे दांडा भिंतीत न लावता जमिनीत हात-दीड हात खोल पुरलेल्या खांबांना बांधावा. सामान दूर शोधायला नको. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा गावाने २००९ साली आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला आणि २०११ साली बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. त्या मुलखात भरीव, जाड कांबीचा बांबू कोरड्या वाटेवर फार चांगला कठडा होतो. मात्र न्हाणीत, ओल्यात, बांबूवर विसंबू नये; आणि बोरॅक्स-बोरिकच्या पाण्यात न मुरवलेला बांबू किडा आतून पोखरतो, हे आमच्या बुरड बांधवांना सांगायला नको.

खेड्यात खरी अडचण अशी, की संडास बांधला गेला तो सांदवाडीच्या टोकाला. घरापासून तीस-चाळीस पावले उघड्यावर. मृगानंतर त्या वाटेवर शेवाळ धरते. आणि जंगलालगतच्या गावांत रात्री बाहेर पडणे म्हणजे काय, हे ब्रह्मपुरी-सिंदेवाहीकडच्या लोकांना विचारावे. खेडेच कशाला, २०२२ साली चंद्रपूर शहराला लागून असलेल्या दुर्गापूर-ऊर्जानगर भागात वाघ-बिबट्यांनी माणसे मारली. म्हातारा माणूस मग संध्याकाळपासून पाणीच पीत नाही. उन्हाळ्यात पाणी न पिणे हा आणखी एक आजार. म्हणून जेथे शक्य तेथे संडासाला घराशी जोडणारी छपरी काढावी, वाट खडबडीत फरशीची करावी, मध्यावर टेकायला एक ओटा द्यावा. खाणीत टबांच्या वाटेवर भिंतीत ठिकठिकाणी माणूस मावेल असे कोनाडे ठेवतात. संकट आले की आत शिरायचे. म्हाताऱ्याच्या वाटेवरचा ओटा हा तसाच कोनाडा होय. आणि जेथे काहीच शक्य नाही तेथे रात्रीपुरते भांडे खाटेशेजारी ठेवावे. त्यात लाज नाही.

एका घरी आम्ही अशीच पाहणी करीत होतो. गृहस्थ म्हणाले, "पस्तीस वर्षं जमिनीखाली चाललो, तेव्हा नाही पडलो. आता घरात पडतो काय?" मुलगा म्हणाला, "काका, मी आहो ना हात द्यायला." मुलाची त्या आठवड्यात रातपाळी होती, हे आम्ही त्याला आठवून दिले. तेवढ्यात आतून त्यांची पत्नी बाहेर आली. म्हणाली, "भाऊ, यायले काय विचारता? पाण्याची बादली मी उचलते, गच्चीवर कपडे मी वाळवते, सिलिंडर मी सरकवते." आम्ही खाली मान घातली. तीस वर्षे कामगारांच्या सभा घेतल्या; पण ज्या बाईला निवृत्तीचे वयच नाही तिच्या कामाच्या जागेची पाहणी आम्ही कधी केली नव्हती. त्या घरात पहिला फेरफार झाला तो नळाचा. नळाची तोटी न्हाणीतच काढली, म्हणजे बादली वाहणे बंद झाले. कपड्यांची दोरी गच्चीवरून अंगणात खांद्याच्या उंचीवर आली, आणि रोजच्या डब्यांची फळी कमरेच्या वर व डोक्याच्या खाली आणली.

आता सरकारकडे वळू. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजनेत किमान २५ चौरस मीटरचे घर, आणि आमच्यासारख्या जिल्ह्यांसाठी १ लक्ष ३० हजारांपर्यंतचे साहाय्य ठरले. एवढ्यात महाल होणार नाही, हे उघड आहे. पण दार सव्वादोनऐवजी तीन फुटांचे ठेवणे, आतले उंबरठे न घालणे, संडास घराला लागून काढणे, ह्याला बांधतेवेळी जवळजवळ काहीच जास्त लागत नाही. लागते ते ग्रामसेवकाने, अभियंत्याने आणि लाभार्थ्याने आधी बोलणे. २०२४ साली राज्याने मुख्यमंत्री वयोश्री योजना काढली. पासष्ट वर्षांवरील गरजूंना चष्मा, काठी, श्रवणयंत्र, कमोड खुर्ची अशा साधनांसाठी एकदाच ३००० रुपये. चांगली गोष्ट आहे. मात्र खुर्ची मिळते आणि तिच्या शेजारी भिंतीत दांडा लावायचे कोणाच्याच यादीत नाही.

जपानात हे यादीत आहे. तेथे २००० सालापासून म्हाताऱ्यांच्या शुश्रूषेचा सक्तीचा विमा आहे आणि त्यातून घराच्या फेरफारांना २ लक्ष येनपर्यंतच्या कामाची सोय आहे. त्यातला साधारण दहावा हिस्सा घरमालकाने भरायचा. कामे कोणती? दांडे लावणे, पायऱ्या-उंबरठ्यांचा फरक काढणे, न घसरणारी जमीन, दारे बदलणे, आणि उकिडव्या संडासाचे बैठ्या संडासात रूपांतर. शेवटचे वाचून आम्हांला मौज वाटली. ह्यांचाही रिवाज आपलाच. त्यांनी त्याचा अभिमान न धरता आणि त्याची लाज न बाळगता त्याला विम्याच्या यादीत घातले.

एक गोष्ट पैशाने सुटणारी नाही, तीही सांगितली पाहिजे. आमच्या औद्योगिक वस्त्यांतून कितीतरी घरे अशा जागेवर आहेत, की ज्यांचा पट्टा घरमालकाच्या नावावर नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्गुसच्या आमराई वॉर्डात एक घर पाहता पाहता जमिनीत गडप झाले आणि आसपासची कुटुंबे हलवावी लागली. ज्याला आपल्या पायाखालच्या जमिनीचा भरवसा नाही त्याला न्हाणीत दांडा लाव म्हणून कोणत्या तोंडाने सांगावे? सांगावेच लागते, कारण पट्टा मिळेपर्यंत म्हातारपण थांबत नाही. पण पट्ट्याची लढाई आणि दांड्याचे काम ही दोन्ही एकाच माणसासाठी आहेत, हे विसरता येत नाही.

राहिला तो म्हाताऱ्यांचा स्वतःचा नकार. दांडा लावला म्हणजे आपण संपलो, असे त्यांना वाटते. अशांना आम्ही आमच्याच जिल्ह्यातले उदाहरण देतो. वरोऱ्याच्या आनंदवनाचे बाबा आमटे ह्यांना मणक्याच्या विकारामुळे बसता येत नसे. उभे राहावे किंवा आडवे व्हावे, एवढेच. १९८५ साली निघालेल्या भारत जोडो अभियानात ते गाडीत बिछाना घालून, आडवे पडून, कन्याकुमारीपासून निघाले. शरीराला गाडीप्रमाणे वाकवता येईना, तेव्हा गाडी शरीराप्रमाणे करून घेतली. पुढे २००८ साली, त्र्याण्णवाव्या वर्षी, ते आनंदवनातच, आपल्या जागी, गेले. त्यांना कोणी संपलेला माणूस म्हटल्याचे आमच्या ऐकण्यात नाही.

आमच्या युनियनपुरते आम्ही एवढे ठरवले आहे, की ज्याच्या निवृत्तीला दोन वर्षे उरली त्याच्या घरी भविष्यनिधीचे फॉर्म घेऊन जायचे तेव्हा फूटपट्टी आणि टॉर्चही न्यायची. घरातला दिवा मालवायचा आणि खाटेपासून संडासापर्यंत त्यालाच पुढे चालायला सांगायचे. तो कोठे चाचपडतो, कशाला धरतो, ते पाहून खडूने खूण करायची. बहुधा त्याचा हात आपण होऊन एकाच जागी जातो. भिंतीवर तेथे तेलकट डागही पडलेला असतो. दांडा तेथेच लावायचा. गवंड्याचे दोन दिवस, वेल्डिंगवाल्याचा एक, सुताराचा अर्धा, एवढ्यात साधारण घर उरकते.

दांड्यासाठी लोखंडी पाण्याचा पाईप चालतो. जस्ताचा मुलामा असलेलाच घ्यावा, नाहीतर न्हाणीत वर्षभरात गंजून पापुद्रे निघतात आणि हात कापतो. बाजारात तो वीस फुटी मिळतो आणि दुकानदार तोडून देत नाही. न्हाणी-संडास मिळून सात-आठ फूट लागतो. उरलेला मागच्या दाराच्या पायऱ्यांना लावावा, बत्तीस ते छत्तीस इंचांच्या उंचीवर, आणि त्याचे टोक शेवटच्या पायरीच्या पुढे फूटभर काढून खाली वळवून घ्यावे, म्हणजे लुगड्याचा पदर किंवा सदऱ्याची बाही त्यात अडकत नाही.